फोटो चांगला हाय, खरं...

जांबोटीचा_पाऊस

नमस्कार सगळ्यांना. मी खानापूर तालुक्यातला, जांबोटीच्या पुढं आमचं गाव, सध्या पुण्यात फोटोग्राफीचा डिप्लोमा करायलोय, दुसरं वर्ष. फायनलला ८ प्रिंट आणि सोबत एक लेख द्यायचाय, विषय 'निसर्गाचा फोटो आणि खरेपणा'. लेख निम्मा झालता आणि मधेच एक गोष्ट घडली त्यामुळं हात थांबलाय, म्हणून इथं विचारतो, लांबलं तर सांभाळून घ्या.

मेच्या शेवटी गावी गेलतो. दोन वळीव पडून गेलेले आणि आत्याच्या बांधावर जे ऐनाचं झाड आहे त्याच्यावर काजवे भरलेले. ट्रायपॉड लावून सव्वासातला, आभाळात अजून निळा उजेड होता तेव्हा एक फ्रेम घेतली, मग कॅमेरा जागचा न हलवता ३० सेकंदांच्या ११० फ्रेम, आयएसओ १६००, एफ २.८. घरी येऊन सगळ्या लाइटन मोडमध्ये एकावर एक चढवल्या (ह्याला स्टॅकिंग म्हणतात), म्हणजे ५५ मिनिटांत जिथं जिथं काजवा चमकला ते सगळे ठिपके एकाच फोटोत, आणि खाली ती निळी फ्रेम. झाडावरून एक लाईटची तार जाते, ती पुसली. दिसायला काय सांगू, झाड नुसतं पेटल्यासारखं. नंतर वर्गात दाखवला तर मॅडम म्हणाल्या हाच पहिला प्रिंट कर.

पण त्याच्या आधी गावातच तो आत्याला दाखवलाता. ती फणस कापत बसलेली, हाताला तेल आणि चीक, त्यामुळं लॅपटॉपला बोट न लावता कोपरानंच दाखवत होती. बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "फोटो चांगला हाय, खरं आमच्या बांधावरचा न्हवं ह्यो."

मी म्हटलं अगं तोच ऐन की हा. तर म्हणाली, "आमच्यात काजवं पेटत्यात नि इझत्यात. हिकडनं पेटत आलं की तिकडनं इझत जात्यात. ह्यात सगळंच एकदम पेटल्यात, अंधारच न्हाई." आणि मग, "तार कुठं गेली?"

त्या तारेसाठी मामांनी ११ वर्षं चपला झिजवल्यात. अर्ज, नकाशा, पुढच्या आठवड्यात या, साहेब नाहीत. मी ती दोन मिनिटांत पुसली होती आणि मला त्याचं काहीच वाटलं नव्हतं.

पुण्यातल्या रूममेटला हे सांगितलं तर तो म्हणाला, 'चांगला आहे खरं' म्हणजे कौतुकच झालं की. आपल्यात 'पण' ला 'खरं' म्हणतात हे त्याला कुठं माहीत. तेव्हापासून हा शब्द डोक्यातून जाईना झालाय.

लेखात मी हिप्पोलीत बायार ह्या फ्रेंच फोटोग्राफरपासून सुरुवात केलीय, १८४० मध्ये त्यानं स्वतःचाच बुडून मेल्याचा फोटो काढला, म्हणजे फोटोच्या जन्मापासूनच बनवाबनवी आहे वगैरे. वर्गात हे चालतं, आत्यापुढं चालत नाही. माझा फोटो खोटा आहे का? असेल तर नेमका कशानं, स्टॅकिंगनं की तारेनं? आणि द्यावा की नको?

लाल_दिवा

बाळ, बेळगावात ३१ वर्षं स्टुडिओ चालवला, डार्करूम स्वतःची होती, म्हणून चार शब्द लिहितो.

एकावर एक चढवणं हे तुमच्या कंप्युटरचं नाही. जुन्या काचेच्या प्लेटांना निळा रंग फार लवकर लागायचा, त्यामुळं समुद्र नीट यावा एवढा वेळ दिला की आभाळ जळून पांढरं फटक व्हायचं. डोळ्यांना ढग दिसतायत आणि प्लेटवर ढग नाहीत. म्हणून १८५० च्या दशकात गुस्ताव्ह ल ग्रे नावाच्या फ्रेंच माणसानं समुद्राची एक निगेटिव्ह आणि आभाळाची एक अशा दोन जोडून एकच प्रिंट काढायला सुरुवात केली. आता ह्याला खोटं म्हणायचं की डोळ्याला दिसलं ते कागदावर आणायची धडपड म्हणायची? अमेरिकन फोटोग्राफर अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सचं न्यू मेक्सिकोतलं चंद्रोदयाचं चित्र बघितलं असशील, १९४१ चं. निगेटिव्हमध्ये आभाळ बरंच उजळ होतं, ढग होते, आणि वर्षं जातील तसं तो प्रिंटमध्ये आभाळ काळं काळं करत गेला. निगेटिव्ह म्हणजे स्वरलिपी आणि प्रिंट म्हणजे गाणं, असं त्याचं म्हणणं.

माझ्याकडंही एक ढगाची निगेटिव्ह होती. राकसकोपच्या तळ्यावर काढलेली, श्रावणातले ढग, फार सुरेख उतरले होते. पत्र्याच्या डब्यात बटर पेपरात गुंडाळून ठेवलेली. ज्या फोटोत आभाळ कोरं असेल त्याच्यावर ती लावायची. किती घरांत माझा तोच ढग भिंतीवर लागलाय मोजदाद नाही, येळ्ळूरच्या राजहंसगडावर तोच, कुणाच्या बंगल्याच्या वास्तुशांतीच्या फोटोवर तोच.

त्या ढगाचं मला वाईट वाटत नाही. वाईट एका दुसऱ्या कामाचं वाटतं. एका व्यापाऱ्याला कॅलेंडरसाठी गोकाकचा धबधबा हवा होता. ऑगस्टात जाऊन काढला, घटप्रभा फुल भरून, पुलावर उभं राहिलं तरी तोंडावर तुषार. आता ज्यानं गोकाक पावसाळ्यात बघितलाय त्याला माहीत आहे की ते पाणी तांबडं असतं, चहासारखं, सगळी माती घेऊन येतं. त्यानं फोटो बघितला आणि म्हणाला हे पाणी घाण दिसतंय, निळं करा. आणि मी केलं. छपाईवाल्याशेजारी बसून करून घेतलं. दोन हजार कॅलेंडरं छापली. पुढं गोकाकचाच एक म्हातारा स्टुडिओत आला, भिंतीवरचं कॅलेंडर बघून म्हणाला ही कुठली नदी. मला उत्तर देता आलं नाही.

ढग कुठलाही असला तरी राजहंसगड राजहंसगडच राहिला. पाणी निळं केलं तेव्हा घटप्रभाच गेली. तुझं स्टॅकिंग मला ढगासारखं वाटतं आणि तार पाण्यासारखी. तार परत घाल.

चोर्ला_घाटवाट

काकांनी तारेचं सांगितलं त्याला माझं हो आहे खरं स्टॅकिंगवर मी थोडं वेगळं बोलणार. (मीपण 'खरं' वालाच, कणकुंबीकडचा.)

पावसाळ्यात मी लोकांना घाटात बेडूक, साप बघायला घेऊन जातो, आंबोलीलाही जाणं असतं. फोटोशॉपला बोट न लावता केलेलं खोटं बघायचं असेल तर जूनला माझ्यासोबत चल. मलबार ग्लायडिंग फ्रॉग, तो हिरवा, पायाच्या पडद्यांना तांबूस नारिंगी रंग असलेला, तो काही फोटोसाठी बसत नाही, जिथं बसतो तिथं मधे दहा काड्या असतात. मग काही लोक काय करतात, उचलतात, चांगल्या दिसणाऱ्या पानावर ठेवतात, स्प्रे मारून पाण्याचे थेंब आणतात, मागं काळं यावं म्हणून फ्लॅश. ह्याला 'सेट करणं' म्हणतात. फाईल एकदम चोख, एक पिक्सेल हलवलेला नाही, आणि सगळं खोटं.

दोन वर्षांपूर्वी एका ग्रुपमधल्या एकानं ह्या बेडकाचा फेसाचा घरटा असलेली फांदी मोडून खाली आणली, का तर वर ट्रायपॉड पोचत नव्हता. तो फेस डबक्यावरच लोंबता लागतो, आतली पिल्लं वळवळत खाली पाण्यात पडतात, म्हणून मादी जागा बघून घालते. त्यानं फांदी मुरमावर टेकवलेली. ते लोक जेवायला गेल्यावर मी आणि माझा भाऊ सुतळीनं ती फांदी परत डबक्यावर बांधून आलो, वरनं पाऊस चालूच, फेस हाताला लागू नये म्हणून बुडाकडनं धरून. त्याचा फोटो छानच आला असणार, त्याखाली फांदीचं काही लिहिलेलं नसणार.

मोठ्या स्पर्धांतही हे झालंय. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमची जी वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर असते तिथं २००९ ला फाटकावरून उडी मारणारा लांडगा पहिला आला, नंतर परीक्षक म्हणाले की हा शिकवलेला पाळीव लांडगा असावा आणि बक्षीस काढून घेतलं. २०१७ चा दुसरा एक, ब्राझीलचा, रात्री वारुळावर शेकडो किडे काजव्यासारखे चमकतायत आणि खाली मुंगीखाऊ. २०१८ ला तो बाद झाला, कारण मुंगीखाऊ भुसा भरलेला दिसतोय असं तज्ज्ञांचं मत पडलं. दोघाही फोटोग्राफरांनी आरोप मान्य केला नाही. खरं बघ, दोन्ही ठिकाणी प्रश्न एडिटिंगचा नव्हताच, कॅमेऱ्यापुढं काय उभं केलं त्याचा होता.

आता काजवे. तुझ्या आत्यानं जे सांगितलं ते अगदी बरोबर पकडलंय. काजव्याचं चमकणं म्हणजे नर मादीचं बोलणं असतंय, आणि प्रत्येक जातीची चमकायची वेळ आणि मधला अंधार ठरलेला असतो, त्या अंधारावरून मादी आपला नर ओळखते. तुझ्या ११० फ्रेममध्ये चमक सगळी जमा झाली आणि मधला अंधार तेवढा गळाला. म्हणून आत्याला तो आपला बांध वाटला नाही.

दुसरं म्हणजे असले फोटो बघून लोक येतात, तसं झाड दिसत नाही म्हणून टॉर्च मारतात, मोबाईलचे लाईट लावतात, झाडाखाली तुडवत फिरतात. काजव्याच्या अळ्या खाली ओल्या मातीत, पालापाचोळ्यात असतात, गोगलगाई खाऊन वाढतात. तिथंच सगळ्यांचे बूट.

आणि एक बघ. तार आहे म्हणजे पुढं बल्ब आहे. उजेडात काजव्यांचं बोलणं बिघडतं. तुझ्या फ्रेम उघडून बघ, बल्बच्या अंगाला काजवे कमी आहेत का.

टिळकवाडी_सलॉन

मी बँकेतून रिटायर झाल्यापासून सलॉनला, म्हणजे फोटोंच्या स्पर्धा-प्रदर्शनांना, फोटो पाठवतो, थोडंफार परीक्षणही केलंय. वरच्या दोघांचं वाचून बरं वाटलं पण माझं मत जरा कडक आहे. मनाला पटतंय का, नदी गेली की राहिली, ह्यावर सोडलं तर प्रत्येक जण आपल्या सोयीचं उत्तर काढतो. नियम लागतो.

तो नियम आहे. फियाप (फोटोग्राफीचा आंतरराष्ट्रीय महासंघ), पीएसए (फोटोग्राफिक सोसायटी ऑफ अमेरिका) आणि रॉयल फोटोग्राफिक सोसायटी ह्या तिघांनी मिळून नेचर फोटोची एकच व्याख्या केलीय आणि आपल्याकडचे बरेच सलॉन तीच धरतात. त्यात साधं सांगितलंय, चित्रातली कुठलीही गोष्ट वाढवायची नाही, हलवायची नाही, बदलायची नाही, काढायची नाही. क्रॉप चालतो. त्यामुळं क्लोन करून (शेजारचा भाग वर चिकटवून) तार काढली की नेचर गटातून बाहेर, विषय संपला. तोच फोटो ओपन गटात पाठव, तिथं कोण विचारत नाही.

आणि माणसाच्या खुणा नेचरमध्ये चालत नाहीत असा सगळ्यांचा समज आहे तो अर्धवट आहे. निसर्गाच्या गोष्टीचा त्या भाग असतील तर चालतात, माणसाच्या वस्तीत रुळलेली गव्हाणी घुबडं, करकोचे ह्यांचं उदाहरणच दिलंय. घाटवाटवाले म्हणतात तसं तारेमुळं काजवे एका अंगाला सरकले असतील तर ती तार गोष्टीचाच भाग झाली. ती ठेवून नेचरमध्ये जाता येतं, काढून जाता येत नाही.

एक कबूल करतो की नियमालाही भोकं आहेत. तार पुसली तर बाद आणि कॅमेरा दोन बोटं खाली केला असता तर पास. १९८२ ला नॅशनल जिऑग्राफिकनं मुखपृष्ठ उभं बसावं म्हणून गिझाचे पिरॅमिड कंप्युटरवर जवळ सरकवले, केवढा गदारोळ झाला, पण फोटोग्राफर चार पावलं बाजूला सरकला असता तर पिरॅमिड तसेही जवळ दिसले असतेच. तरी मी नियमाच्याच बाजूचा. चार पावलं चालायला तिथं असावं लागतं.

निपाणीची_ईसी

मी इलेक्ट्रॉनिक्सवाली, फोटो फक्त मोबाईलवर, त्यामुळं एकच मुद्दा.

रॉ फाईल (कॅमेऱ्यातली कच्ची, काहीच न केलेली) म्हणजे शुद्ध सत्य असं कुणी समजत असेल तर तसं नाहीये. सेन्सरवर लाल हिरव्या निळ्या फिल्टरची जाळी असते, कोडॅकच्या ब्राइस बायरचं १९७६ चं पेटंट. प्रत्येक पिक्सेलला एकच रंग कळतो, निम्मे हिरव्याचे, पाव लालचे, पाव निळ्याचे. बाकीचे दोन रंग शेजारच्यांकडं बघून हिशोबानं भरतात. म्हणजे बहुतेक डिजिटल फोटोंतला दोन तृतीयांश रंग अंदाज असतो. आणि रात्री आपल्या डोळ्याला रंग जवळजवळ दिसतच नाही, ऐनाची निळी हिरवी पानं ही कॅमेऱ्याचीच. त्यामुळं 'डोळ्याला दिसलं तसं' ही कसोटी रात्रीच्या फोटोला लावलीस तर काळा कागदच द्यावा लागेल.

पण म्हणून सगळंच सारखं असंही नाही. २०२२ च्या ऑगस्टात बेळगावात गोल्फ कोर्सकडं बिबट्या दिसला, शाळा बंद, हत्ती आणले, आठवत असेल. माझी बहीण तिथून जवळच राहते. त्यांच्या ग्रुपवर कंपाउंडवर बसलेल्या बिबट्याचा फोटो आला, 'आत्ताच, आपल्या मागच्या गल्लीत' म्हणून. दोन दिवस पोरांना घराबाहेर सोडलं नाही. नंतर कळलं फोटो भलत्याच गावचा. फोटो अस्सल होता, एडिट काहीच नाही, खाली लिहिलेली ओळ तेवढी खोटी.

उलटंही होतं. २०२४ ला एका फोटोग्राफरनं डोकं नसल्यासारखा दिसणारा फ्लेमिंगो मुद्दाम एका स्पर्धेच्या एआयच्या गटात पाठवला, बक्षीसही मिळालं, मग त्यानं सांगितलं हा खरा पक्षी आहे, मान वळवून पोट खाजवत होता. बाद केला त्याला, आणि त्यात काही चूक नाही, गट एआयचा होता.

तुझ्या फोटोखाली तू काय लिहिणार आहेस ते कुणी विचारलंच नाही. ते सांग आधी.

जांबोटीचा_पाऊस

सगळ्यांचे मनापासून आभार, काल रात्री तीनपर्यंत हेच करत बसलोतो.

घाटवाट दादा, तुम्ही सांगितलं तसं सगळ्या फ्रेम एकेक उघडल्या. उजवीकडं आत्याचा गोठा, तिथं बल्ब असतो. उजव्या अंगाच्या तीन फांद्यांवर ११० फ्रेममध्ये मिळून बोटावर मोजण्याएवढे ठिपके आणि डावीकडं खच. मी कंपोझिशनसाठी उजवीकडचं थोडं कापलंतं, तो भागच गेला होता. म्हणजे तार पुसली आणि वर तारेनं काय केलं तेही कापलं. आणि हे मला तिथं झाडाखाली तासभर उभं राहून दिसलं नव्हतं, कॅमेऱ्याला दिसलं होतं. एकाच झाडाचं हे आहे, दुसरंही काही कारण असेल, पुढच्या मेला गोठ्याचा बल्ब तासभर बंद ठेवून परत काढणार, आत्याला विचारलंय.

क्रॉप परत उघडला, तार परत आणली. फोटो देणार, ताई, खाली लिहिणार 'सव्वासातची एक फ्रेम आणि त्यानंतरच्या ५५ मिनिटांतल्या ११०'. ते लिहिलं की मला स्वतःलाच तो वेगळा दिसायला लागला, झाडाचा म्हणून नाही तर तेवढ्या वेळाचा. आणि त्याच्या शेजारी दुसरा प्रिंट, ६४ नंबरची एकटी फ्रेम, ३० सेकंदांची. त्यात मोजून १४ ठिपके आहेत, डावीकडं एका फांदीवर ९, बाकी इकडं तिकडं, आणि वरून तार. बाकी सगळा अंधार. सर, ही एकटी नेचरला पाठवता येईल काय ते बघून सांगा. लेखातला बायार मागं टाकलाय, सुरुवात आत्यापासून करतोय. मॅडमना अजून सांगितलं नाही, सोमवारी सांगणार, त्यांना पहिलाच आवडलाता त्यामुळं धाकधूक आहे.

एकच अडचण, ६४ नंबर प्रिंट केली तर नुसता काळा कागद येतोय, तार दिसतच नाही.

टिळकवाडी_सलॉन

एकटी फ्रेम बिनधास्त पाठव. रॉ जपून ठेव, मागतात कधी कधी.

लाल_दिवा

मॅट कागदावर काढलास ना? मॅटवर काळ्यातलं काळं वेगळं होत नाही, सगळं एकच होऊन बसतं. लस्टर किंवा बरायटा, म्हणजे थोडी चमक असलेला कागद, घे आणि आधी पूर्ण प्रिंट न काढता फक्त तारेच्या भागाची चार बोटं रुंद पट्टी काढ, एकेक पायरी उजळ करत, पाच सहा पट्ट्या. ह्या पट्ट्या दिवसाच्या उजेडात खिडकीपाशी बघ, ट्यूबलाईटखाली नको. ज्या पट्टीत तार जेमतेम दिसायला लागेल तिथं थांब, पुढं गेलास की आभाळ राखाडी होईल. गणपतीला बेळगावात आलास तर पट्ट्या घेऊन घरी ये, बघू.